तिचा निळा ड्रम

मी स्ट्रॉबेरी बोलतेय. नाही नाही, निळ्या ड्रममधली नव्हे! सगळे आधी तिच्याकडेच बघतात, म्हणून अगोदरच सांगून टाकते. मी तिच्या शेजारची, काळ्या पिशवीतली.

आम्ही दोघी वाईहून एकाच खोक्यातून इंदूरला आलो. मंजिरीचं माहेर वाईचं, तिनंच दिवाळीआधी आम्हाला आणलं. माझी जात स्वीट चार्ली, तिची कॅमारोसा. बसमध्ये रात्रभर ती माझ्या अंगावर रेलून झोपली होती. तेव्हा मला ती आवडायचीसुद्धा. आता हे कबूल करायला जड जातं.

सुदामा नगरातल्या गच्चीवर पोचलो आणि वाटण्या झाल्या. तिला अर्धा कापलेला निळा ड्रम, त्यात पोटभर शेणखत, वर सांवेरहून मंजिरीच्या नवऱ्याच्या मित्रानं पाठवलेलं गव्हाचं काड. सकाळचं कोवळं ऊनही तिलाच. मला काळी पिशवी, उरलेली माती आणि दुपारी तापणारा कठडा. का, तर मंजिरी नवऱ्याला म्हणाली, "मोठ्या फळाची जात आहे नीरज, हिला जागा लागेल." मोठ्या फळाची म्हणे! फळाचा अजून पत्ता नव्हता, आणि मान आधीच मिळाला.

तरी पहिलं फळ कुणी दिलं? मी! डिसेंबर लागला आणि माझ्या पानांआडून लाल डोकावलं. ती नुसती पानं मिरवत बसली होती. खत जास्त झालं की असंच होतं, झाड पानांतच खूश राहतं. मंजिरीनं माझं फळ कापून सासूबाईंना दिलं. कुमुदिनीबाईंचा जन्म इंदुरातलाच. फोड तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "अगं, ये तो मिश्री आहे!" मिश्री म्हणजे खडीसाखर हो! त्या दिवशी मी ड्रमकडे बघितलंसुद्धा नाही.

पण माझं सुख कुणाला बघवतंय! बुलबुल टपले, म्हणून मंजिरीनं मला बारीक जाळी घातली. त्या बाईची फळं हिरवीच होती, तिला जाळीची गरज नव्हती. जाळीमुळे बुलबुल गेले आणि मधमाश्याही गेल्या. फुलावर माशी नीट फिरली नाही की फळ वाकडं भरतं. माझी फळं एका अंगानं फुगली, दुसऱ्या अंगानं चिमटली. शेजारची प्रियंका बघून म्हणाली, "भाभी, ही बिचारी इतकी टेढी का झाली?" आणि ती? उघड्यावर माश्यांचा पाहुणचार करत होती. तिची फळं सरळ, टोकदार, चित्रातल्यासारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मंजिरीनं दोघींची फळं तुकोगंजला ऑफिसात नेली. संध्याकाळी गच्चीवरच्या नळावर डबा धुताना ती नीरजला सांगत होती, "कॅमारोसा जशीच्या तशी पोचली. चार्लीचा वाटेतच जॅम झाला." खोटं कशाला बोलू, तसं झालंच होतं. माझं अंग नाजूक, तिचं टणक. पण टणक असणं हा काय गुण झाला का हो?

त्याच संध्याकाळी माझ्या कानावर ते पडलं. इंदूरच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर आमच्यातली कुणीच जगत नाही. गार जागा एकच, पाण्याच्या टाकीखालची, आणि तिथे एकच भांडं मावतं. मंजिरी म्हणाली, "हळदीकुंकवाला दोन्ही देऊन बघू. बायकांना आवडेल ती ठेवायची. दुसरीची माती कढीपत्त्याच्या कुंडीत."

मला वाटलं, जिंकलेच मी! जानेवारीचे दिवस होते. रात्री गारठा आणि दिवसभर लख्ख ऊन, अशा हवेत माझ्यात साखर नुसती दाटते. पाणीही मंजिरीनं बेतानं घातलं, त्यामुळे गोडी पातळ झाली नाही. आणि ती थोराड बाई अजून आंबटच होती.

हळदीकुंकवाला गच्चीवर बायका जमल्या. दोन ताटल्यांत आमच्या फोडी मांडल्या. आणि कुमुदिनीबाईंनी काय करावं? जिरावनची डबी उघडली! पोह्यांवर भुरभुरतात तो चटपटीत मसाला. इंदुरात तो पेरूवर, काकडीवर, हाताला लागेल त्यावर पडतो. "असं फीकं कोण खाणार, बाई!" म्हणत त्यांनी दोन्ही ताटल्यांवर शिंपडलासुद्धा. मंजिरी "अहो आई, नको!" म्हणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

तिच्या आंबट, करकरीत फोडींना तो मसाला असा काही लागला, की प्रियंका ओरडली, "मजा आ गया भाभी! अजून द्या ना!" माझी गोडी मिठाजिऱ्याखाली गाडली गेली. "ही जरा गिळगिळीत आहे," कुणीतरी म्हणालं, आणि माझी ताटली तशीच राहिली. रडावं की ओरडावं कळेना. ज्या बाईनं मला मिश्री म्हटलं, तिच्याच हातून माझा घात झाला.

मग मी सरळ चोरीवर उतरले. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढलं, माझी फळं बारकी आणि पुचाट झाली. त्या उन्हात आम्हाला रनर फुटतात. दोरीसारखी लांब फांदी, तिच्या टोकाला इवलं रोप. मंजिरी ते दिसले की खुडते. एक मात्र मी गुपचूप ड्रमच्या काठावरून आत सोडला. तिच्या गार मातीत माझाही वाटा हवा, एवढाच हेतू होता. ती जागा मला मिळत नाही ना, मग निदान तिला एकटीला भोगू द्यायची नाही.

पण त्या टोकाला पानं उलगडली, आणि माझी चोरीची मस्ती उतरली. लेक होती हो ती माझी! काडाखाली तिनं मुळं धरली. मंजिरी रोज पाणी घालायची, तिला दिसली नाही, कारण कॅमारोसाची रुंद पानं तिच्यावर पसरली होती. ज्या पानांवर मी जळले, त्यांच्याच आडोशानं माझी पोर वाचली.

काल ड्रम टाकीखाली हलवला. उचलताना आमच्यातली दोरी तटकन तुटली. मंजिरी वाकून बघत म्हणाली, "अरे, हे पिल्लू कुठलं?"

"उसीका होगा," नीरज धापा टाकत म्हणाला. "चल ना, हात लाव, वजन आहे."

उसीका! माझी लेक तिच्या नावावर गेली. तरी मी गप्प राहिले, कारण माझी म्हणून ओळखली असती तर ती कढीपत्त्याच्या कुंडीत गेली असती.

आता मी कठड्याशी एकटी आहे. पानांच्या कडा करपल्या. उद्या-परवा माझी पिशवी रिकामी होईल.

कॅमारोसाबाई, तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता दुसरं आहे कोण? उन्हाळाभर पोरीवर सावली धर. डिसेंबरात ती तुझ्याआधी लाल होईल, तेव्हा माझ्यासारखी जळू नकोस. आणि म्हातारीच्या हातात जिरावनची डबी दिसली, की तेवढं एक पान तिच्यावर आडवं घाल.