सहा गाड्यांचे ब्रेक

बायको घरीच शिवणकाम करायची, म्हणून त्याने आपली जुनी पॅन्ट गुपचूप तिच्या मशीनवर ठेवली आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"कमरेला दोन इंच सोडशील का?"

तिने घडी उलगडली. सैन्यातली पॅन्ट, बारा वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून राहिलेली.

"ही कशाला काढलीत?"

"जुन्या लोकांना परत बोलावतायत. मी नाव दिलंय."

"कधी?"

"गेल्या सोमवारी."

तिने कात्री टेबलावर आपटली. "आठवडाभर माझ्यासमोर बसून जेवताय आणि तोंडातून चकार शब्द नाही?"

तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. सैन्यात सतरा वर्षं गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून बाहेर पडला आणि बस डेपोत मेकॅनिकच्या कामाला लागला. गल्लीत सगळे त्याला फौजीच म्हणत. सीमेवर लढाई पेटून तीन महिने झाले होते. डेपोत जेवणाच्या सुट्टीत रोज तोच विषय. लोक घास चघळत शत्रूला धडा शिकवायचे आणि हात धुऊन आपापल्या कामाला लागायचे. फौजीला त्या गप्पांचा उबग आला होता. ज्या कामात आपली हयात गेली, त्या कामाला तिकडे माणसं कमी पडतायत आणि आपण इथे बसचे वायपर बदलतोय, हे त्याला सहन होईना.

"गुडघ्यामुळे जिना चढवत नाही तुमच्याने," बायको म्हणाली. "आणि निघालेत लढायला! तुमच्यावाचून देशाचं काय अडलंय?"

"देशाचं अडलंय की नाही, ठाऊक नाही. माझं अडलंय."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पॅन्ट मात्र सैल करून, इस्त्री मारून खुंटीला लावून ठेवली.

सैन्याच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी त्याच्या हातात रायफल देऊन फोटो काढला. ती रायफल त्याची नव्हती. फोटो झाल्यावर लगेच काढून घेतली. नंतर कळलं की तो फोटो भरतीच्या कुठल्याशा जाहिरातीत छापलाय. फौजी मनातल्या मनात चरफडला. काम तर मिळेल, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं.

काम तिसऱ्या आठवड्यात मिळालं. सहा रुग्णवाहिका दुसऱ्या दिवशी सकाळी आघाडीवर जायच्या होत्या. वर्कशॉपचा प्रमुख कॅप्टन जेमतेम तिशीचा. त्याने कागद पुढे केला. "काका, गाड्या ठीक आहेत म्हणून सही करा."

"बघतो आधी."

"बघून झालंय सगळं."

फौजी तरीही गाड्यांखाली शिरला. तासाभराने बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. "साहेब, ब्रेक लायनर पार झिजलेत. सहाही गाड्यांचे. डोंगरातून जखमी माणसं घेऊन उतरायचंय ना यांना? स्टोअरमध्ये नवे नाहीत का?"

"आहेत."

"मग?"

कॅप्टनने नजर चुकवली. "गुरुवारी तपासणी आहे. स्टोअरच्या फळ्या भरलेल्या दिसायला हव्यात. गुरुवारनंतर मिळतील. तोपर्यंत चालतात तशा चालवायच्या. काका, तुम्ही तर देशप्रेमापोटी आलात. असा खोळंबा करू नका."

"मला काका म्हणू नका!" फौजी एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या शेडमधले हातोडे थांबले. "काका घरी. इथे मी हवालदार आहे. चला, मागे स्ट्रेचरवर झोपा."

"काय?"

"गाड्या ठीक आहेत ना? मग झोपा."

सगळी माणसं बघत होती. कॅप्टन इरेला पेटला आणि जाऊन झोपला. फौजीने त्याचे पट्टे आवळले आणि गाडी वर्कशॉपमागच्या उताराला घातली. पहिल्या वळणावर ब्रेक जेमतेम लागला. दुसऱ्या वळणावर पायाखाली पेडल नुसतंच खाली गेलं. मागून कॅप्टनची किंकाळी आली. फौजीने गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी मातीच्या ढिगात घुसवली. पट्टे सोडले तेव्हा कॅप्टनचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"मी सही करणार नाही," फौजी म्हणाला आणि घण घेऊन थेट स्टोअरकडे चालू लागला. कॅप्टन मागोमाग आला. तो 'हो' म्हणाला नाही, 'नको'ही म्हणाला नाही. स्टोअरवाला दारात आडवा झाला, "तपासणीला मी काय दाखवू?" म्हणून ओरडू लागला. फौजीने त्याला बखोटीला धरून बाजूला केलं आणि कुलूप तोडलं.

बाकीचे मेकॅनिक न सांगता कामाला भिडले. गाड्या दोन तास उशिरा निघाल्या, पण नव्या लायनरवर निघाल्या.

कुलूप तोडल्याची चौकशी झाली. तीन अधिकारी टेबलामागे बसले होते. त्यांनी कॅप्टनला विचारलं, "ब्रेकची अवस्था तुम्हाला माहीत होती?"

कॅप्टन टेबलाकडे बघत म्हणाला, "पूर्ण कल्पना नव्हती, सर."

फौजीच्या मुठी वळल्या. गाडीतली ती किंकाळी त्याच्या कानात अजून ताजी होती. "खोटं बोलतोय हा!" तो उभा राहून म्हणाला. त्याला खाली बसवण्यात आलं.

निकाल लागला. हवालदारकी गेली. साधा शिपाई म्हणून लांबच्या वर्कशॉपला जायचं, नाहीतर वयाचं कारण लिहून सन्मानाने घरी. दोन्ही कागद टाइप करून तयार होते.

त्याने बायकोला फोन लावला. सगळं ऐकून ती भडकली. "त्या मेल्यांना काही लाजलज्जा? उद्याच्या उद्या घरी या. नाही राहायचं असल्या लोकांत."

"मी शिपायाच्या कागदावर सही केली."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"मी का जाऊ? देश काय त्या स्टोअरवाल्याच्या बापाचा आहे? अशी माणसं तिथे बसणार आणि मी घरी येऊन पेपर वाचणार? ते मला जमणार नाही."

तिने फोन आपटला. त्याने पुन्हा लावला, तिने उचलला नाही.

चार दिवसांनी नव्या वर्कशॉपला तिचा फोन आला. आवाजात अजून धुसफूस होती.

"गुडघ्याचा पट्टा लावता का?"

"लावतो."

"तिथले साहेब कसे आहेत?"

"आजच भांडण झालं."

तिने पलीकडे मशीन थांबवलं. मग म्हणाली, "कशावरून, ते नीट सांगा."