आईंचा एक कप

डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना बजावलं, दिवसाला एकच कप कॉफी. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या एका कपाचा थाट जावयाच्या वरताण झाला. बिया ताज्या दळायच्या, त्याही छोट्या हातचक्कीवर. दूध वेगळं, मंद आचेवर. चक्कीला दुसऱ्या कुणी हात लावला की संपलंच. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकाचे नखरे सांभाळायचे आणि घरी येऊन चक्कीचे, म्हणजे डोकं फिरतं.

परवा मला सुट्टी होती. आईंनी कॉफी केली, कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि शाल आणायला आत गेल्या. मी धुवायला पडदे काढत होते. जरा झटका दिला आणि कप आडवा. कॉफी कट्ट्यावरून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या पायावर.

आई दारात येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कपाकडे पाहिलं, आजची झाली म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, डॉक्टरांनी प्यायलेला कप मोजायला सांगितलाय. सांडलेला कशाला मोजता?"

हे त्यांना पटलं. पण एकदा दळूनच त्यांचे हात भरून आले होते. मग त्यांनी चक्की माझ्यापुढे सरकवली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी दळत होते आणि खुर्चीतून हुकूम सुटत होते. एवढा जोर नको. आता वास घे. पाणी लगेच ओतू नकोस, जरा दम धर. गाळताना ढवळायचं नाही. मी दोनदा चमचा आपटला. त्यांनी दोन्ही वेळा काणाडोळा केला. शेवटी पाहिलं तर माझा अंदाज चुकलेला, कॉफी दोघींपुरती झाली होती.

माझा कप मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच तोंडाला लावला. रोज घाईघाईत प्यायची सवय. आईंनी समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. मी बसले. कॉफी खरंच छान झाली होती, दाट आणि कडवट, आणि मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. आई चवीचवीने पीत होत्या. मी त्यांना एका गिऱ्हाइकाबद्दल सांगितलं. त्या गृहस्थांना नव्या चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसतं, फक्त बायको अंधुक दिसते. हसता हसता आईंना ठसका लागला.

कप रिकामा झाला तरी त्या उठल्या नाहीत.

"उद्यापासून तू दुकानात जायच्या आधीच कॉफी करू," त्या म्हणाल्या. "जरा लवकर उठत जा. दळायचं तू, बाकीचं मी बघते. एकटीने पिण्यात काही मजा नाही गं."