मागच्या बाकापर्यंत

सगळं शहर ज्यांना गोष्टीमास्तर म्हणून ओळखायचं, त्यांच्या पोटच्या पोराला त्यांची एक गोष्ट धड येत नव्हती. पोर म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे हो. दातांचा डॉक्टर, कानशिलांवर केस पिकलेले, दवाखान्याला काचेचं दार. लोक त्याच्या खुर्चीत बसून आ करायचे आणि आ केलेल्या तोंडानंच सांगायचे, की तुमच्या वडिलांनी शिकवलं म्हणून आम्ही माणसात आलो. डॉक्टर म्हणायचा, चूळ भरा.

मास्तरांनी उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. भागाकार गोष्टीतून, नद्या गोष्टीतून, शुद्धलेखनसुद्धा गोष्टीतून. पोरांची नाटकं बसवली, रेडिओवर गोष्टी सांगितल्या, आणि गोष्ट कशी सांगायची हे गावोगावच्या शिक्षकांना शिकवत फिरले. सांगताना हा माणूस कशालाही लाजायचा नाही. माकड आलं की उडी मारायचा, म्हातारी आली की तोंडाचं बोळकं करायचा. लोक खूश, पण घरचं पोर कानकोंडं. एकदा भर बाजारात मास्तर गाढवासारखे ओरडत चालले होते आणि मागून पोरांची पलटण तशीच रेकत होती, तेव्हा हा पठ्ठ्या कापडाच्या दुकानात शिरून ठाणांमागं लपला होता. पुढं त्यानं हट्ट धरून दुसऱ्या शाळेत नाव घालून घेतलं. त्यामुळं बापाच्या वर्गात तो एक दिवसही बसला नाही. आणि वर मनात अढी ही, की बाबांनी सगळ्या गोष्टी लोकांच्या पोरांना वाटल्या, मला कधी एक सांगितली नाही. आता काय म्हणावं अशा माणसाला!

अलीकडं मास्तर विसरायला लागले होते. चष्मा साखरेच्या डब्यात ठेवायचे. संध्याकाळ झाली की खिडकीशी उभं राहून विचारायचे, "ही अजून बाजारातून आली नाही?" बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सून म्हणायची, येतील हो, तुम्ही चहा घ्या. डॉक्टरला ते खोटं वाटायचं. तो सांगायचा, "आई गेली, बाबा. किती वेळा सांगायचं?" आणि म्हातारा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा मटकन खाली बसायचा. कधी कधी फिरून आल्यावर इमारतीच्या जिन्यापाशीच थांबायचे, एक पाय पहिल्या पायरीवर, आणि चेहरा पार कोरा. शेजारचं कुणी बघायच्या आत डॉक्टर दंड धरून त्यांना वर ओढायचा.

अशात शाळेच्या मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. बाई स्वतः मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या, मागच्या बाकावरच्या. कला आणि शिक्षणासाठी आयुष्य वेचल्याबद्दल मास्तरांचा मोठा सत्कार करायचं ठरलं होतं. नाट्यगृह घेतलं होतं, जुने विद्यार्थी कुठून कुठून येणार होते, आणि शेवटी मास्तर गाढवाची गोष्ट सांगणार होते. तो म्हणाला, गोष्ट नको, मानचिन्ह घेतील, नमस्कार करतील, पुरे. बाई हसल्या. म्हणाल्या, मानचिन्ह बघायला कोण येतंय, लोक गाढवासाठी येतायत.

त्याच वेळी डॉक्टरनं खरं सांगून टाकलं असतं, की बाबांना आठवत नाही, मला भीती वाटते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. बाई शहाण्या होत्या. पण सांगायची त्याला लाज वाटली. तो बरं म्हणाला, आणि बाईंची पाठ वळताच मनाशी दुसराच बेत करून बसला. मास्तर मध्येच अडखळले तर पडदा पाडायचा, टाळ्यांची टेप लावायची आणि लोकांना वाटू द्यायचं की कार्यक्रम संपला. बायकोला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "लाज कुणाला वाटतेय? त्यांना की तुम्हाला?" डॉक्टर म्हणाला, त्यांचीच अब्रू सांभाळतोय. तिनं निवडलेली भाजी पुन्हा एकदा निवडली.

रविवारी सकाळी नाट्यगृह गच्च भरलं. पिकल्या केसांची माणसं, त्यांची पोरं, पोरांची पोरं. डॉक्टर रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या दोरीपाशी खुर्ची टाकून बसला होता. पडदेवाल्याला त्यानं आधीच गाठून सांगून ठेवलं होतं, मी हात वर केला की सोडायची दोरी आणि लावायची टेप, विचारत बसायचं नाही. पडदेवाला नवा होता. त्याला काय, डॉक्टर म्हणतोय तर बरोबरच असेल.

भाषणं झाली. मानचिन्ह दिलं, ते मास्तरांनी शेजारच्याच्या मांडीवर ठेवून दिलं. मग उठले, माईक बाजूला सारला आणि विचारलं, "मागच्या बाकाला ऐकू येतंय का?" अख्खं नाट्यगृह ओरडलं, हो. हे त्यांचं नेहमीचंच. वर्गात पोरगं पुटपुटलं की म्हणायचे, मोठ्यानं बोल, मागच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे.

गोष्ट सुरू झाली. एक गाढव पुलापाशी येऊन अडतं. पुढं जाईना, मागं जाईना. मालक ओढतो, व्यापारी ढकलतो, शिपाई दटावतो, पंडित समजावतो. मास्तर एकेक होत गेले आणि काय सांगू, ऐंशीच्या घरातला तो माणूस गुडघे वाकवून असा अडून बसला की लहान पोरं खुर्चीवर उभी राहिली. डॉक्टरची मूठ सैल झाली. त्याला चक्क अभिमान वाटायला लागला, आणि इतक्या वर्षांनी वाटतोय म्हणून जरा ओशाळल्यासारखंही झालं.

मग गोष्टीत एक चिमुरडी मुलगी आली. कुणालाच न जुमानणाऱ्या गाढवाच्या कानाशी ती गेली आणि म्हणाली...

मास्तर थांबले.

हात हवेत तसाच. डोकं खाजवलं. वर बघितलं, खाली बघितलं. चेहरा पार कोरा, जिन्यापाशी व्हायचा तस्साच. पहिल्या रांगेतली एक बाई तोंड उघडून पुढं झुकली होती. डॉक्टरला वाटलं, तिला कीव येतेय. सगळ्यांनाच कीव येतेय, आता कुणीतरी हसणार, आता बाबांचं हसं होणार. त्यानं हात वर केला.

पडदा मास्तरांच्या नाकासमोर धाडकन आला. आणि तो येता येताच, कापडापलीकडून, सगळ्या नाट्यगृहानं एका आवाजात उत्तर दिलं:

"तू पुढं हो, मी मागं आहे!"

मग तिकडं गोंधळ, खुर्च्यांचे आवाज, आणि त्यातच टाळ्यांची टेप सुरू झाली. मुख्याध्यापिका बाई धावत आत आल्या, त्यांनी आधी टेप बंद करायला लावली. पडदा कुणी पाडला म्हणून त्यांनी विचारलं. पडदेवाल्यानं डॉक्टरकडं बोट केलं.

"बाई, ते विसरले होते," डॉक्टर म्हणाला.

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो डॉक्टर, ते तिथं विसरतातच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्ही सांगावं म्हणून. मी पहिलीत होते तेव्हापासून विसरतायत."

डॉक्टरला कुणी भर चौकात तोंडात मारावी तसं झालं. बाहेरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पुढं झुकलेल्या बाईला ठाऊक होतं, तिच्या मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असेल. ती माणसं कीव करत नव्हती, बोलायला तोंड उघडून बसली होती. ज्या क्षणासाठी ती दूरदूरहून आली होती, तोच यानं कापडाखाली गाडला होता. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते त्याला अगदी खरोखर वाटलं. पण खाली लाकडी फळ्या होत्या, आणि त्या कुणाला पोटात घेत नाहीत.

मास्तर त्याच्याजवळ आले. त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, दोरीकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "उघड."

डॉक्टरनं स्वतःच्या हातानं दोरी ओढली. पडदा वर गेला तेव्हा तो दोरीला धरून सगळ्यांसमोर उभा होता. मास्तरांनी हात वर करून लोकांना गप्प केलं.

"मंडळी, पडदा मीच पाडायला सांगितला होता," ते म्हणाले. "म्हटलं बघावं, मी दिसेनासा झालो तरी तुम्हाला गोष्ट येते का. आली की हो! दोरी माझ्या मुलाच्या हातात होती, म्हणून नेमकं जमलं. त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा."

आणि लोकांनी वाजवल्या. उभं राहून, डोळे पुसत, डॉक्टरसाठी वाजवल्या. एवढ्या टाळ्या त्याला जन्मात मिळाल्या नव्हत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नमस्कार करायलाही त्याचे हात वर येईनात, कारण एका हातात अजून दोरी होती.

परतताना गाडी डॉक्टर चालवत होता. मास्तर त्याच्या शेजारी, त्याची बायको मागच्या सीटवर फुलांचा गुच्छ धरून. शेवटी डॉक्टरनंच विषय काढला.

"बाबा, माझं चुकलं. तुम्ही तिथं थांबता हे मला माहीतच नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार?" मास्तर सहज म्हणाले. "तुला मी न थांबता सांगायचो."

डॉक्टरला वाटलं, झालं, पुन्हा भलतंच आठवतंय यांना. पण मास्तर सांगत राहिले. तू अगदी लहान होतास. तेव्हा मी थांबलो की तू रडून घर डोक्यावर घ्यायचास. तुला वाटायचं बाबा खरंच विसरला. माझ्या तोंडात हात घालून शब्द ओढून काढायला बघायचास. तुझी आई म्हणाली, पोराला घाबरवू नका. म्हणून शाळेत थांबायचो, घरी कधी नाही. रोज झोपताना सरळ शेवटपर्यंत सांगायचो, आणि शेवटाआधीच तू घोरायला लागायचास.

बायकोनं मागून हळूच विचारलं, रोज? मास्तर म्हणाले, रोज, घसा बसलेला असला तरी.

डॉक्टरनं आठवून आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना. ना तो आवाज, ना ते गाढव. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा राग उराशी धरून बसला होता, ती मुळात घडलीच नव्हती. आणि हाच माणूस बापाला दर संध्याकाळी बजावत होता, किती वेळा सांगायचं म्हणून. बायकोशी आरशातून नजरानजर झाली, आणि नजर खाली घालायची ती त्यानंच घातली.

घर आलं. मास्तर उतरले, जिन्यापाशी गेले, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि थांबले.

डॉक्टर मागं उभा राहिला. सकाळी इतकं शेकल्यावर आता त्याची हिंमत होईना. ही मास्तरांची गंमत असेल म्हणून तो थांबला. आणखी थांबला. मग मास्तरांनी कठडा घट्ट धरला आणि बारीक आवाजात विचारलं, "हे कुणाचं घर?"

म्हणजे हे खरंच होतं. नेहमीसारखा त्याचा हात दंडाकडं गेला, पण त्यानं तो आवरला. बापाच्या सगळ्या गोष्टींमधलं एकच वाक्य त्याला येत होतं, आणि तेही त्यानंच पाडलेल्या पडद्यामागून ऐकलेलं. तो एक पाऊल मागं सरकला, मास्तरांच्या पाठीशी उभा राहिला आणि ते जसंच्या तसं म्हणाला. म्हणाला कसलं, पुटपुटला.

मास्तरांनी मागं वळून पाहिलं नाही. पण त्यांची मान ताठ झाली.

"मोठ्यानं," ते म्हणाले. "मागच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे."

तळमजल्याचं दार किलकिलं झालं. त्याच्याकडूनच दातांवर टोपी बसवून घेतलेले तिथले काका बाहेर डोकावले, त्यांच्या मागून काकू. डॉक्टरला ते दिसले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काय बोलणं होईल तेही दिसलं. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"तू पुढं हो, मी मागं आहे!"

जिना वरपर्यंत घुमला. मास्तरांनी दुसरा पाय उचलला आणि वरच्या पायरीवर ठेवला.