वरच्या मजल्यावरचे बुधवार

"बाई, नेट बिघडलेलं नाही. आम्हीच मुद्दाम संथ केलंय," नेट कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली. "तुमच्याकडून चोरून, फुकटात सिनेमे उतरवले जातायत. पाच सूचना पाठवल्या, कुणी दखलच घेतली नाही."

"आमच्याकडे? अगं, आम्ही दोघं म्हातारी. सिनेमा लावला की दहाव्या मिनिटाला घोरायला लागतो."

"नावं वाचून दाखवू?"

मुलीनं नावं वाचली, म्हणजे वाचायचा प्रयत्न केला. सगळी पोलिश, जिभेला गाठ बसावी अशी. मग तारखा सांगितल्या. नोरीननं चर्चच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. सगळे बुधवार. दुपारी तीन.

बुधवारी तीनला नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचे ट्रे धूत असायची. घरी असायचा तिचा नवरा काझ. बस चालवण्यातून निवृत्त होऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. बुधवारी तो वर जायचा, भाडेकरू बोग्नाचा नळ बघायला. बोग्नाचा नळ गेले सहा महिने गळत होता.

बोग्ना विधवा होती. बारा वर्षांपूर्वी पोलंडहून थेट अमेरिकेत, या बफेलोच्या बर्फात आलेली. साठी उलटली तरी वेणी कमरेपर्यंत. नेट दोन्ही मजल्यांना मिळून एकच होतं.

पुढच्या बुधवारी नोरीननं शाळेत कंबर धरली, दोन वेळा 'आई गं' म्हटलं आणि साडेतीनलाच घर गाठलं. कोट न काढता ती जिन्यावर उभी राहिली. वरून हसण्याचा आवाज येत होता. आधी तिला वाटलं, कुणी पाहुणा आलाय. मग कळलं, हा काझ आहे.

दार उघडंच होतं. टेबलावर संगणक. पडद्यावर एक मिशीवाला माणूस तोंड उघडून थिजलेला. काझच्या पुढ्यात खसखशीचा केक, डोळ्यांत हसून आलेलं पाणी.

"ये ना, नोरीन," बोग्ना म्हणाली. "सिनेमाचं कासव झालंय बघ. चार मिनिटं चालतो, पाच मिनिटं झोपतो."

"मग तेवढा वेळ काय करता तुम्ही?"

"मी सांगते याला, काय झालं ते. याला पोलिश येतं कुठे? आईकडून ऐकलं तेवढंच. जेवायला ये, बूट काढ, गाढवा!" शेवटचा शब्द ती तिच्या भाषेत म्हणाली, मान उडवून.

काझ पुन्हा हसत सुटला. "आई अगदी अशीच म्हणायची गं! अगदी असंच!"

चौतीस वर्षं नोरीन त्याला गाढव म्हणत आली होती. इंग्रजीत. एकदाही हसला नव्हता.

"केक घे ना," बोग्ना म्हणाली.

"नको. खसखस माझ्या दातांत अडकते."

खाली आल्यावर तिनं विचारलं, "झाला का नळ?"

काझ बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिला. "सिनेमाच बघतो ना, नोरीन. त्यात काय एवढं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कंटाळा आला असता."

"विचारून तर बघायचंस."

काझनं सुटलेली नाडी पुन्हा बांधली.

सबंध आठवडा ती एकाच गोष्टीवर चरफडत राहिली. सिनेमा नाही, केक नाही, वेणीसुद्धा नाही. ती मधली पाच मिनिटं. कंपनीनं शिक्षा म्हणून दिलेली, आणि त्या दोघांनी सणासारखी साजरी केलेली. सिनेमा सरळ चालला असता तर कोण कुणाला काय सांगत बसलं असतं?

मंगळवारी तिनं पुन्हा फोन लावला. वेग परत हवा तर त्यांनी फोनवर पाठवलेला चोरीविषयीचा एक धडा वाचायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची, असं कळलं. नोरीननं चष्मा पुसला आणि धडा दोनदा वाचला. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू परवानगीशिवाय वापरणे योग्य आहे का? तिनं 'नाही'वर बोट असं दाबलं की टेबल हललं. दहापैकी दहा. शाळेतसुद्धा कधी मिळाले नव्हते.

बुधवारी तिची कंबर पुन्हा धरली. ती खालच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली, कान छताला लावून. मिशीवाले, बिनमिशीचे, बायका, सगळे वर धडाधडा बोलत होते. कुणी थांबत नव्हतं. काझचा आवाज एकदाही आला नाही.

पावणेपाचला तो खाली आला.

"लवकर संपला?"

"हं."

"कसा होता?"

"फार भरभर बोलतात." त्यानं खुर्ची ओढली. "बोग्नाला म्हटलं, जरा थांबव. तर म्हणाली, आता पळतोय तर पळू दे की, शेवट बघू. मला अर्धा कळलाच नाही." त्यानं बटाट्याची एक साल बोटाला गुंडाळली. "आईला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. तिच्यासारखं बोलणारं आता कुणी राहिलं नाही बघ."

नोरीननं सूप वाढलं. त्यानं ते मुकाट संपवलं आणि वाडगा स्वतः धुऊन ठेवला.

त्याच्या पुढच्या बुधवारी काझ म्हणाला, "आज नाही जात. बसतो इथेच."

"जा," नोरीन म्हणाली. "मला फरशी पुसायचीय. पायात येऊ नकोस."

तो गेला. वर खुर्च्या सरकल्या. संगीत सुरू झालं, मग माणसं धडाधडा बोलू लागली. नोरीननं दारामागचं स्टूल कपाटापाशी ओढलं, वर चढली आणि कपाटाच्या माथ्यावर लुकलुकणाऱ्या नेटच्या डब्याची पिन उपटली.

छतावरचे आवाज वाक्याच्या मधोमध तुटले.

मग बोग्नाचा आवाज, लांबलचक, हातवारे दिसावेत असा. आणि मग काझ हसला. छत फोडून खाली आल्यासारखा.

नोरीन स्टुलावर उभी होती, एका हातानं कपाट धरून, दुसऱ्या हातात पिन घेऊन. चुलीवर दूध वर येत होतं. ते तिला दिसत होतं. तिनं अजून थोडा वेळ पिन लावली नाही.