हिरव्या खुणा

वल्लरीने बाबांचा रिपोर्ट टेबलावर सपाट केला आणि शेजारी त्यांची साखरेची वही उघडली. दोन वर्षांच्या सकाळच्या, उपाशीपोटीच्या नोंदी. एकही सातला पोचत नव्हती; सिंगापूरच्या मापात सात म्हणजे भारतातले सव्वाशे, मधुमेहाची सीमारेषा. रिपोर्टमधली तीन महिन्यांची सरासरी मात्र साडेनऊ टक्के होती, आणि लघवीत प्रथिनं.

“मशीन बिघडलं असेल,” पद्माकर पेपरमधून म्हणाले.

“मागच्याच महिन्यात तपासलंय मी.”

“मग रिपोर्ट बिघडलाय. तुझ्या त्या रेघांत बसवून बघ की मला.”

बसवलं होतंच. क्लेमेंटीच्या संशोधन केंद्रात ती हेच काम करायची. हजारो मधुमेहींची वर्षानुवर्षांची साखर कोणत्या वाटेने जाते, त्याच्या रेघा काढायच्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी डोळ्यांचं, मूत्रपिंडांचं काय झालं ते पाहायचं. बाबांची वही सगळ्यांत खालच्या, निर्धास्त रेघेवर बसली होती. त्या आनंदात दर रविवारी टॅम्पिनीसला आई-बाबांकडे आली, की ती आठवड्याच्या नोंदींपुढे हिरव्या पेनने खुणा करायची.

“बाबा, हात दाखवा.”

“आता हातावरच्या रेघापण बघायला लागलीस?”

त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. बोटं गुळगुळीत होती. सुई टोचल्याची एकही खूण नव्हती.

सविता पोळीची ताटली ठेवायला आली. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर बारीक काळे ठिपके होते, मोहरी सांडल्यासारखे. वल्लरी बघतेय हे कळताच तिने हात ओढणीत घेतला.

“आई?”

“ही वही सुरू होण्याआधी यांचंच बोट टोचायचो गं. बारा आलं की तू ताटावरून उठायचीस. यांच्याशी बोलायची नाहीस. सगळा रविवार जायचा. मग एकदा मी म्हटलं, माझंच टोचा.”

“मी नको म्हणत होतो,” पद्माकर म्हणाले.

“हो, आणि वही घेऊन तुम्हीच बसत होतात.”

पेपर पुन्हा वर गेला.

बाबांची दोन वर्षं कुठेच लिहिलेली नव्हती. ती आता कुठल्याही रेघेवर बसणार नव्हती. वल्लरी उगाच वहीची पानं उलटत राहिली. पहिल्या पानावर ५.१. पुढच्या दिवाळीत ५.७. चिनी नववर्षाच्या सुट्टीत ६.२. आज सकाळी ६.९.

बाबांसाठी उत्तम आकडे. प्रत्येकापुढे तिची हिरवी खूण.

तिने बोट पहिल्या आकड्यावर ठेवलं आणि सावकाश शेवटच्यापर्यंत नेलं. मग पुन्हा पहिल्यावर आणलं.

“आई, तू स्वतःचं रक्त लॅबमध्ये शेवटचं कधी तपासून घेतलंस?”

“मला काय झालंय?” सविताने पोळीवर तूप सोडलं. “माझे आकडे बघून तर तू दर रविवारी खूश होतेस. खा, गार होतंय.”