त्रेसष्टाचे अकरा

रत्नव्वांना कुणी विचारलं असतं, की आज्जी तुमचं दुकान कुठं आहे, तर त्यांनी न अडखळता सांगितलं असतं, "ध्रुव स्थानकावर. खालच्या मजल्याला, जिना उतरला की डाव्या हाताला."

त्याच्या आधीचं दुकान उद्यमनगरात होतं. बसाप्पांनी इंजिनांच्या सुट्या भागांचं ते दुकान टाकलं, तेव्हा रत्नव्वा संकेश्वरकडून लग्न होऊन नव्यानंच आलेल्या, निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलणाऱ्या. बसाप्पांचा जीव गप्पांत. गिऱ्हाईक आलं की चहा सांगायचे आणि पाऊसपाण्यापासून कुस्तीच्या निकालापर्यंत सगळं काढून बसायचे. काउंटर सांभाळला तो रत्नव्वांनी, चाळीस वर्षं. कुठल्या इंजिनाला कुठली रिंग, कुठलं गॅसकेट, कुठला बुश, सगळं तोंडपाठ. पुढं बसाप्पा गेले. मुलानं, शशिधरनं, दुकानात कॉम्प्युटर बसवला. नंबर घातला की माल कुठल्या कप्प्यात आहे ते पडद्यावर दिसायचं. "अव्वा, आता तुम्ही आराम करा," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. त्या आरामानं रत्नव्वा वर्षभरात वाळून गेल्या.

त्यांना पुन्हा काउंटरवर बसवलं ते नातीनं. शशिधरची मुलगी भूमिका इंजिनिअर झाली होती, घरातूनच कंपनीचं काम करायची, आणि उरलेल्या वेळात मित्रमैत्रिणींबरोबर एक खेळ चालवायची. अवकाशात एक स्थानक, नाव ध्रुव. वीस-पंचवीस माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसून त्या एकाच स्थानकात वावरायची. कुणी डॉक्टर, कुणी आचारी, कुणी मेकॅनिक. काहीतरी सारखं मोडायचं, आणि ते वेळेत दुरुस्त झालं नाही तर हवा संपून सगळे मरायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी गोदामावर माणूस कमी पडला, तेव्हा भूमिकानं आज्जीच्या कानाला हेडफोन लावला. "नुसती बस गं. मागतील ते द्यायचं."

स्थानकाच्या दुरुस्तीला त्रेसष्ट प्रकारचे भाग लागायचे. एक झडप करायची तर आधी तीन तुकडे करायचे, त्यातल्या एका तुकड्यासाठी आणखी दोन. भूमिकाला स्वतःलाही ते सगळे पाठ नव्हते. रत्नव्वांचे आठवड्यात पाठ झाले. आणि उद्यमनगरची एक रीत त्यांनी तिथंही चालू केली. मोडलेला भाग नमुना म्हणून आणून दाखवल्याशिवाय नवा मिळायचा नाही.

"आज्जी, खेळात नमुना लागत नाही!" भूमिका कपाळाला हात लावायची.

"तुला लागत नसंल. उद्या चुकीचा भाग गेला तर बोल कुणाला लागतोय? काउंटरला."

हवा गळत असतानाही माणसं माघारी पळत जाऊन मोडका तुकडा घेऊन यायची. कोडोलीचा सम्राट, ज्याचा घरी म्हशींचा गोठा होता आणि खेळात जो मुख्य मेकॅनिक होता, तो तर येतानाच ओरडायचा, "आणलाय नमुना, आणलाय! द्या लवकर, मरालोय मी!" सगळं स्थानक हसायचं. कुठलंही नाव अडलं की हाक एकच, आज्जीला विचारा.

म्हणून त्या दिवशी दुपारी पावटा सोलता सोलता भूमिका म्हणाली, "आज्जी, भाग कमी करायचं ठरतंय. त्रेसष्टाचे दहा-बारा," तेव्हा रत्नव्वांचे हात थांबले.

"का? काय खुपालंय?"

"नवीन माणसं टिकत नाहीत गं. दोन रविवार येतात आणि पळून जातात."

"मग सगळं सोपंच झालं तर मला कोण विचाराय येणार?"

भूमिकानं हातातली शेंग खाली ठेवली. तिलाही तेच सलत होतं. "खेळणारे मत देतील," ती हळूच म्हणाली. "तू नको म्हणालीस तर कुणी हो म्हणणार नाही. माझंही काही म्हणणं नाही."

संध्याकाळी सम्राटचा फोन आला. "आज्जी, तुमी नको म्हणा, विषय संपला. पोरीला काय कळतंय? दोन वर्सं घासल्यात आपण."

"व्हय की," रत्नव्वा म्हणाल्या. त्यांचं ठरलंच होतं.

रविवारी एक नवी मुलगी आली. तेजस्वी, वारणानगरला कॉलेजात शिकणारी. अर्ध्या तासात एक दगड येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आदळला आणि पोरगी धापा टाकत काउंटरवर आली. "आज्जी, दुहेरी दाब-झडप द्या."

"नमुना?"

ती परत गेली. आणला तो आखूड मापाचा, दुसऱ्याच झडपेचा. रत्नव्वांनी तिला समजावलं, लांब मापाचा आण. तो आणला. त्याला आधी तीन तुकडे लागतील, त्यातला एक शेजारच्या यंत्रावर करावा लागेल, हेही नीट सांगितलं. मागं रांग लागली. तेजस्वी दुसरा तुकडा करत होती तेवढ्यात हवा संपली, आणि ती काउंटरसमोरच आडवी झाली.

"आज्जी, माझं काय चुकलं?" हेडफोनमध्ये तिचा आवाज बारीक झाला होता. "जाऊ दे. हे हुशार माणसांचं काम आहे. मी पुन्हा नाही येत."

रत्नव्वा पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं पन्हाळ्याकडची एक बाई आली. किती वर्षं झाली असतील! उसाला पाणी द्यायचं इंजिन बंद पडलेलं, नवरा अंथरुणाला खिळलेला. ती एका बुशसाठी एस्टीनं तीनदा आली होती, दर वेळी दुसऱ्याच मापाचा नमुना घेऊन. चौथ्यांदा आलीच नाही. बाईचं काहीच चुकलं नव्हतं. मापंच उगाच दहा होती.

"भूमिका," त्यांनी हाक मारली, "हिकडं ये. ठेवणार कुठले भाग ते ठरलंय का?"

"अंदाजानं लिहिलेत. मोजून कुणी ठेवलंय?"

रत्नव्वांनी काउंटरवरूनच माऊसची कळ दाबून गोदामाचं मागचं दार उघडलं. भूमिका तिथं कधी डोकावलीच नव्हती. भिंतीला लावून त्रेसष्ट पेट्या होत्या, आणि पेट्यांत दोन वर्षांत आलेले मोडके नमुने, प्रकारवार लावलेले. खेळ संपला तरी गोदाम तसंच राहायचं, आणि आज्जीनं एकही तुकडा फेकला नव्हता. अकरा पेट्या काठोकाठ भरलेल्या. उरलेल्या बावन्नांत कुठं एक, कुठं दोन, बऱ्याच रिकाम्याच.

"जे मोडतंय ते ठेव," रत्नव्वा म्हणाल्या. "जे कधी मोडलंच न्हाय त्याची नावं पोरींनी कशाला घोकायची? आनि माप एकच ठेव."

भूमिकानं आपला कागद पडताळून बघितला. "मी गॅसकेट काढून टाकलं होतं. दोन भागांच्या सांध्यात असतं, दिसतच नाही ना ते."

"दिसत न्हाय म्हणूनच तर पयलं तेच जातंय! पेटी बघ की."

भूमिकानं बघितलं. सगळ्यांत भरलेली तीच होती. तिनं आज्जीच्या गळ्यात हात टाकला. "आज्जी, तुला कळतंय ना, ह्यानं तुझा काउंटर..."

"कळतंय. सोड, गॅसवरचा पावटा करपंल."

मत द्यायची वेळ आली तेव्हा रत्नव्वांनीच पहिल्यांदा हो म्हटलं. सम्राटचा पारा चढला. "आज्जी, तुमीच? आमचं नाक कापलंसा की!"

"तुझं नाक लांब हाय, सम्राट. थोडं कापलं तरी चालतंय." सगळे हसले, आणि बदल मंजूर झाला. तेजस्वीला भूमिकानं खास निरोप धाडून बोलावून घेतलं.

पुढच्या रविवारी अकरा भाग मांडणीवर उघडे ठेवलेले होते. माणसं यायची, हवं ते उचलायची आणि पळायची. कुणाचं काही अडेना. रत्नव्वा काउंटरवर पंचवीस मिनिटं बसून होत्या आणि एकानंही काही विचारलं नाही. मग सम्राट आला.

"आज्जी, ते गॅसकेट कुठलं घ्याचं म्हटलासा?"

"हातात हाय की तुझ्या."

"आँ? व्हय की." तो घुटमळला. "म्हटलं, एकदा विचारून घ्यावं."

त्याच्या त्या धडपडीनं रत्नव्वांना हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. भूमिकानं शेजारून त्यांचा हात धरला. तेवढ्यात तेजस्वीचा आवाज आला. "इंजिनघरात कुणीतरी या! मी एकटीच आहे, एक धरायला पाहिजे, एक बसवायला!"

सम्राट गॅसकेट घेऊन वर गेलेला, बाकीचेही सगळे वरच्या मजल्यावर लागलेल्या आगीत अडकलेले. रत्नव्वांनी चाळीस वर्षं भाग दिले होते, पण एकही हातानं बसवला नव्हता. बसवायचे मिस्त्री, शेडमध्ये, आणि बायकांनी शेडमध्ये जायची पद्धत नव्हती.

"भूमिका, चालायचं कुठल्या बटणानं?"

आज्जी काउंटरच्या बाहेर आल्या त्या आधी भिंतीवर आपटल्या. मग दाराला धडकल्या. मग एकदाच्या इंजिनघरात पोचल्या.

"आज्जी? तुम्ही काउंटर सोडून आलात?"

"बोलू नको उगं. कुठं बसवायचं ते दाखव."

तेजस्वीनं दाखवलं. रत्नव्वांनी झडप बसवली ती उलटी. वाफेचा असा फवारा उडाला की दोघीही दिसेनाशा झाल्या. "फिरवा, आज्जी, उलटं फिरवा!" तेजस्वी हसून हसून बेजार झाली होती. रत्नव्वांनी भाग काढला, फिरवला, पुन्हा बसवला. घरघर झाली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं.

"चाललं!" रत्नव्वा इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शशिधर आतल्या खोलीतून धावत आला. "अव्वा, काय झालं? जेवायला वाढू का?"

"झाकून ठेव," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "खाली पाण्याचा पंप बंद पडलाय. तेजस्वी, थांब गं, मी येतोय."