उजव्या बुटाचा डूख

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. डावा कुठे म्हणून विचारू नका, मला जोडीदार कधी नव्हताच. आणि गोड बोलेन अशी आशाही धरू नका. पायातली वहाण पायातच बरी, असं माणसं म्हणतात. म्हणोत बापडी! पण पायातल्या वहाणेलाही राग येतो, आणि मी धरला तसा डूख आमच्या शिवारातल्या नागानंही धरला नसेल.

माझा जन्म शेहेचाळीस सालचा, सांगलीचा. रमजान टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचा. त्याच्या दुकानात एक दिवस नाथाजी आला. पलूसकडचा शेतकरी, पलटणीतून नुकताच सुटलेला. इटलीत गुडघ्याखाली गोळी लागली होती. जखम भरली, पण पायाची शीर मेली ती मेलीच. उजवं पाऊल घोट्यापासून लोंबायचं. चालताना अंगठा जमिनीला घासायचा आणि दर चार पावलांना ठेच लागायची.

"लय परकार झालं," नाथाजी म्हणाला. "वहाण पायातनं गळून पडती. पलटणीनं लोखंडी सळ्यांचा बूट दिला, पर चिखलात त्यो रुततो आन त्येच्यासंगं मीबी. रमजानभाई, मला मोट हाकाय पायजे. बाकी काय नगं."

रमजाननं त्याला दुकानासमोर दहा येरझाऱ्या घालायला लावल्या आणि स्वतः खाली बसून नुसतं त्याचं पाऊल पाहिलं. मग म्हणाला, "घोड्यानं मान टाकू नये म्हनून आमी पट्टा बांदतो. तुमच्या पावलाला तसाच बांदू की."

जुन्या मोटेचं कातडं त्यानं घेतलं. वर्षानुवर्षं पाणी आणि तेल पिऊन ते मऊ झालं होतं. माझी टाच उंच आणि बंद, तळ हलका, चवडा थोडा वर वळवलेला. आणि चवड्यापासून गुडघ्याखालच्या पट्टीपर्यंत एक लांब पट्टा. त्या पट्ट्यातच माझा जीव होता. पहिल्या पावलाला नाथाजीचा अंगठा जमिनीवरून उचलला गेला. तो हसला नाही. ओट्यावर बसला आणि टोपीनं डोळे पुसले. तेव्हापासून मी त्याचा झालो.

आता वैऱ्याची ओळख करून देतो. लालासाहेब, नाथाजीचा थोरला चुलतभाऊ. दोघांची विहीर सामाईक. आठ दिवस एकाचं पाणी, आठ दिवस दुसऱ्याचं. आजोबांनी तंटे मिटवायला एक रिवाज घालून दिला होता. पाळी बदलायच्या दिवशी दुपार कलून विहिरीवरच्या चिंचेची सावली मोट रिती होते त्या थारोळ्याच्या दगडाला टेकेपर्यंत ज्याचे बैल धावेवर जुंपलेले नसतील, त्याची पाळी बुडाली. नाथाजी लढाईवर असताना चारही वर्षं दोन्ही पाळ्या लालासाहेबानंच उपसल्या होत्या. फुकटच्या पाण्याची चटक लागलेला माणूस सुखासुखी सोडतो होय?

धाव म्हणजे विहिरीच्या तोंडापासून खाली उतरणारी बैलांची वाट. बैल उतरले की मोट वर येते, मग त्यांना मागं सारत पुन्हा धाव चढायची. दिवसातून शंभरदा. मी नाथाजीला एकदाही ठेच लागू दिली नाही. पहिल्याच साली त्याचा ऊस कमरेला लागला. लालासाहेब बांधावरून बघायचा आणि म्हणायचा, "लंगड्याचा ऊस लय माजलाय."

चैत्रात, पाळी बदलायच्या दिवशी, नाथाजी खोपीत भाकरी खायला बसला. अन्नाजवळ चामडं नको म्हणून मला बाहेर काढून ठेवलं होतं. लालासाहेब आला. इकडंतिकडं बघितलं. कमरेचा विळा काढला आणि माझा पट्टा दोन्हीकडून कापून धोतरात खोचला. मी ओरडलो, पण बुटाचं ओरडणं कोण ऐकतो?

नाथाजीनं सुंभानं पाऊल वर बांधलं आणि बैल आणायला निघाला. सुंभ तुटला, अंगठा अडकला, तो तोंडावर पडला. उठून बैल आणेपर्यंत सावली दगडावर चढली होती.

"सावली टेकली, नाथा," लालासाहेब म्हणाला. "रिवाज काय म्या केला न्हाई."

अंजना, नाथाजीची बायको, पदर सावरत पुढं आली. "आवं थोरलं भावजी, पट्टा कुनी कापला त्ये तरी सांगा!"

"उंदरानं खाल्ला आसंल," म्हणून तो बैल जुंपायला गेला.

मागची पाळी त्याची, मधली आमची बुडालेली, पुढची पुन्हा त्याची. उसाला चोवीस दिवस पाणी नाही. अंजनानं ओढ्यावरून घागरी वाहून चार सऱ्या जगवल्या. बाकीचा फड करपला. मी खोपीच्या खुंटीला लटकून ते सगळं पाहत होतो आणि दातओठ खात होतो. त्यातच मला माझा पट्टा दिसला. लालासाहेबाच्या डाव्या बैलाच्या गळ्यात! चांगलं कातडं वाया कशाला घालवा म्हणून त्या चिकटानं त्याची जुपणी, बैलाला जुवाशी बांधायचा गळपट्टा, केली होती. अंगठा उचलायला शिवलेला पट्टा बैलाला बांधलेला. मी रोज त्याला एकच सांगायचो, झिज. आणखी झिज.

सहाव्या दिवशी तो तुटला. लालासाहेब ऐटीत मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसून धाव उतरत होता. बैल सुटला, नाडा उसळला, आणि हा उडून उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर दगडावर आपटला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? असा आनंद नाथाजीच्या पहिल्या पावलालाही झाला नव्हता.

दोन महिन्यांनी तो काठी टेकत खोपीशी आला. त्याच्याही पायाची शीर मेली होती; उजवं पाऊल लोंबत होतं, अंगठा मातीत रेघ ओढत होता. नाथाजीच्या पायात तोवर रमजाननं शिवलेला नवा बूट होता. लालासाहेब माझ्याकडं बघत राहिला.

"नाथा, चालवत न्हाई रं. त्यो पट्टा... म्याच कापला हुता."

"चुलीत घालीन, पर त्यास्नी देनार न्हाई!" अंजना कडाडली. शाब्बास, मी मनात म्हटलं.

नाथाजी उठला. त्यानं मला खुंटीवरून काढलं. "त्यांनी माजा ऊस जाळला, त्ये म्या इसरनार न्हाई," तो अंजनाला म्हणाला. "पर आसं पाऊल फरफटत चालनं... त्ये म्या बघू शकत न्हाई." त्यानं मला नवा पट्टा शिवला, लालासाहेबापुढं बसला आणि आपल्या हातानं गुडघ्याखाली गाठ मारली.

आता मी वैऱ्याच्या पायात आहे. अंजना माझ्याकडं बघत नाही. मी मात्र काही विसरलेलो नाही. धाव चढून वर आलो की विहिरीचं तोंड दोन हातांवर असतं. तिथं मी रोज सगळं बळ लावून पट्टा सोडायला बघतो. एकदाच हे पाऊल लोंबू दे, एकदाच अंगठा अडकू दे, मग खाली विहीर आहेच. पण ती गाठ पलटणीतली. ओढावी तशी आणखी आवळते.

वाचकहो, कधी पलूसकडं गेलात तर नाथाजीला माझा निरोप सांगा. म्हणावं, फार नको, एकच दिवस गाठ सैल मार. तो ऐकायचा नाही, हे मला ठाऊक आहे. लालासाहेबाला ती अजून जमत नाही, म्हणून रोज सकाळी नाथाजीच येतो, खाली बसतो, गाठ मारतो आणि पक्की बसली का ते दोनदा ओढून बघतो.